गावाचा आकडा आणि भाषेचे केंद्र : अमेरिका व भारत येथील दूरचित्रवाणीच्या लहरींचे वाटप आणि अंकीय संक्रमण

१. प्रश्नाची मांडणी

साहित्याच्या तौलनिक अभ्यासात भाषा आणि भूमी यांच्या नात्याचा प्रश्न वारंवार येतो. एखादी भाषा कोणत्या भूमीची मानायची, त्या भूमीबाहेर वस्ती केलेल्या तिच्या भाषकांचे स्थान कोणते, आणि त्याच भूमीवर राहून वेगळी भाषा बोलणाऱ्या समूहांना सार्वजनिक व्यवहारात किती जागा मिळते, हे प्रश्न ग्रंथव्यवहार, नियतकालिके आणि रंगभूमी यांच्या संदर्भात पुष्कळदा विचारले गेले आहेत. दूरचित्रवाणीच्या बाबतीत मात्र हा विचार बहुतांशी कार्यक्रमांच्या आशयापाशी थांबतो. मालिकांतील कुटुंबसंस्थेची किंवा पौराणिक कथानकांमागील राजकारणाची चिकित्सा होते. पण हे सारे ज्या लहरींवरून घरोघरी आले त्या लहरी कोणी, कोणाला आणि कोणत्या निकषावर वाटून दिल्या, हा प्रश्न अभियंत्यांचा किंवा कायदेपंडितांचा समजून बाजूला ठेवला जातो.

तो तसा बाजूला ठेवता येणार नाही, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. लहरींचे वाटप करताना सार्वजनिक बोलण्याचा अधिकार कोणत्या एककाला द्यायचा, याचाही निर्णय होत असतो. अमेरिकेने १९५२ साली हे एकक गाव मानले. त्या गावात कोणत्या भाषा बोलल्या जातात याची नोंद वाटपाच्या कोष्टकात नव्हती. भारताने आधी राष्ट्र आणि मग राज्याची भाषा हे एकक मानले. गावाला त्यात स्वतःचा असा आवाज मिळाला नाही. अॅनालॉग प्रक्षेपण बंद होऊन अंकीय प्रक्षेपण आले तेव्हा या दोन्ही रचनांतील उणीव उघड झाली. पुढील विवेचनात आधी अमेरिकेचा आणि मग भारताचा इतिहास या दृष्टीने पाहू.

२. कोष्टकाचा जन्म

अमेरिकन पद्धतीत दूरचित्रवाणीच्या एका वाहिनीला सहा मेगाहर्ट्झ रुंदीचा कंप्रतापट्टा लागतो. एका शहरात एका क्रमांकावर एक केंद्र चालू असेल तर त्याच क्रमांकावरचे दुसरे केंद्र पुरेशा अंतरावर ठेवावे लागते. नाहीतर दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळतात. म्हणजे एका शहराला काही द्यायचे तर शेजारच्या शहराला तेच नाकारावे लागते. वृत्तपत्राच्या किंवा ग्रंथाच्या बाबतीत अशी अडचण नसते. पुण्यात एक नियतकालिक निघाले म्हणून साताऱ्यातले बंद करावे लागत नाही. लहरींच्या या टंचाईमुळे दूरचित्रवाणीचा इतिहास प्रारंभापासूनच वाटणीचा इतिहास झाला.

अमेरिकेत ही वाटणी १९३४ च्या संदेशवहन कायद्याने स्थापन झालेल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे (पुढे ‘आयोग’) होती. या कायद्यानुसार परवाने देताना राज्ये आणि वसतिस्थाने यांच्यात सेवेचे न्याय्य, कार्यक्षम आणि समतोल वाटप करणे आयोगावर बंधनकारक होते. ‘वसतिस्थान’ हे एकक अशा रीतीने दूरचित्रवाणीचा प्रसार होण्याआधीच कायद्यात आले होते. महायुद्धानंतर केंद्रांसाठी अर्ज झपाट्याने वाढू लागले. व्हीएचएफ पट्ट्यातील पहिला क्रमांक १९४८ साली काढून घेण्यात आला आणि २ ते १३ असे बाराच क्रमांक उरले. सगळ्या देशाला ते पुरणार नाहीत आणि केंद्रांमधील अंतरे चुकली आहेत, हे ध्यानात येताच आयोगाने ३० सप्टेंबर १९४८ रोजी नवे परवाने थांबवले. काही महिन्यांपुरती म्हणून आलेली ही स्थगिती साडेतीन वर्षे टिकली. तेवढ्या काळात सगळ्या देशाची दूरचित्रवाणी १०८ केंद्रांवर चालली.

१४ एप्रिल १९५२ रोजी आयोगाचा सहावा अहवाल व आदेश प्रसिद्ध झाला. व्हीएचएफच्या बारा क्रमांकांना यूएचएफ पट्ट्यातील १४ ते ८३ या सत्तर क्रमांकांची जोड देण्यात आली आणि १,२९१ वसतिस्थानांना मिळून २,०५३ जागा वाटून देणारे कोष्टक तयार झाले. अंतराचे नियमही ठरले. दाट वस्तीच्या ईशान्य भागात एकाच व्हीएचएफ क्रमांकावरची दोन केंद्रे किमान १७० मैलांवर असावीत, आखाताच्या किनाऱ्यावर, जिथे हवामानामुळे लहरी अधिक दूर जातात, तिथे हे अंतर २२० मैल असावे, असे त्यात होते. भूगोल आणि पदार्थविज्ञान यांचा असा मेळ घालून काढलेले हे कोष्टक म्हणजे त्या देशाचा एक आगळा नकाशाच होता.

या कोष्टकामागील प्राधान्यक्रम मुळातून पाहण्यासारखा आहे. पहिले उद्दिष्ट देशाच्या प्रत्येक भागात किमान एक सेवा पोहोचावी, हे होते. दुसरे उद्दिष्ट प्रत्येक वसतिस्थानाला स्वतःचे किमान एक केंद्र असावे, हे होते. तिसरे दोन सेवांचे, चौथे दोन केंद्रांचे. यातील ‘सेवा’ आणि ‘केंद्र’ हा भेद महत्त्वाचा आहे. दुसऱ्या शहरातून येणारे चित्र दिसणे आणि आपल्या गावातून चित्र निघणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आयोगाने मान्य केले होते. कार्यक्षमतेच्या दृष्टीने थोडी शक्तिशाली केंद्रे उभारून मोठमोठे प्रदेश व्यापणे स्वस्त पडले असते. ते नाकारून आयोगाने गावाची बाजू घेतली.

याच कोष्टकात २४२ जागा शैक्षणिक, अव्यावसायिक केंद्रांसाठी राखून ठेवल्या गेल्या. आयोगाच्या पहिल्या स्त्री सदस्य फ्रीडा हेनॉक यांनी यासाठी धरलेला आग्रह प्रसिद्ध आहे. विद्यापीठांजवळ आज पैसा नसला तरी जागा आज राखली नाही तर उद्या ती मिळणार नाही, ही त्यांच्या भूमिकेतील मूळ जाणीव होती. २५ मे १९५३ रोजी ह्यूस्टन विद्यापीठाचे केंद्र ८ क्रमांकावर सुरू झाले. राखीव जागांवरचे हे पहिले केंद्र.

३. आकड्यांची उतरंड

कोष्टकात सगळे क्रमांक एका ओळीत मांडलेले असले तरी प्रत्यक्षात ते समान नव्हते. त्या वेळच्या बहुतेक संचांवर यूएचएफ दिसतच नसे; त्यासाठी वेगळे जोडयंत्र आणि वेगळी अँटेना लागे. पोर्टलंड या ओरेगन राज्यातील शहरात सप्टेंबर १९५२ मध्ये देशातील पहिले व्यावसायिक यूएचएफ केंद्र २७ क्रमांकावर सुरू झाले. परंतु ज्या शहरांत दोन्ही पट्टे एकत्र होते तेथे जाहिरातदार आणि मोठी जाळी व्हीएचएफकडेच गेली. पुष्कळ यूएचएफ केंद्रे काही वर्षांत बंद पडली. कोष्टकातील कित्येक जागा दशकानुदशके रिकाम्या राहिल्या. चौथे जाळे असलेले ड्यूमाँट १९५६ पर्यंत संपले, त्याच्या कारणांतही व्हीएचएफ जागांची टंचाई होतीच. अखेर १९६२ साली कायदा करून सर्व संचांत दोन्ही पट्टे असणे सक्तीचे करण्यात आले आणि १९६४ पासून त्याची अंमलबजावणी झाली.

तौलनिक अभ्यासकाला यातून एक वेगळेच चित्र दिसते. १९५५ साली टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे ४१ क्रमांकावर जे केंद्र सुरू झाले ते अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील पहिले पूर्णतः स्पॅनिश भाषेचे केंद्र मानले जाते. लॉस एंजेलिसमध्ये १९६२ साली स्पॅनिश केंद्र आले ते ३४ वर. न्यूयॉर्क परिसरात १९६५ मध्ये ४७ वर आणि १९६८ मध्ये ४१ वर स्पॅनिश ऐकू येऊ लागली, आणि या दोन्ही केंद्रांचे परवाने न्यूयॉर्कचे नव्हते, तर नदीपलीकडच्या न्यू जर्सीतील गावांचे होते. इंग्रजीची मोठी जाळी २, ४, ७ अशा क्रमांकांवर आणि स्पॅनिश चाळिशीच्या आसपास, अशी ही रचना झाली. कोणी ती ठरवून केली नव्हती. कोष्टकात भाषेचा रकाना नव्हता; म्हणून इंग्रजीखेरीज इतर भाषा, इतरांनी न घेतलेल्या जागांवर आल्या. संचाच्या बटणावर हात फिरवताना प्रेक्षक भाषांच्या सामाजिक उतरंडीवरूनच हात फिरवत होता, असे म्हणता येईल.

गावाला दिलेला आकडाही पुष्कळदा गावाकडे राहिला नाही. न्यू जर्सीतील नेवार्क या शहराला मिळालेला १३ क्रमांक १९६१ साली न्यूयॉर्कच्या शैक्षणिक दूरचित्रवाणीसाठी विकत घेतला गेला. न्यू जर्सीच्या राज्यपालांनी त्याला विरोध केला होता. परवान्यावर नेवार्कचे नाव कायम राहिले. पडद्यावर मात्र न्यूयॉर्क दिसू लागले. सत्तर लाखांहून अधिक वस्तीच्या या राज्यात एकही व्यावसायिक व्हीएचएफ केंद्र नाही, ही तक्रार इतकी वाढली की १९८२ साली अमेरिकन काँग्रेसने कायद्यात कलम घातले: ज्या राज्यात असे केंद्र नाही तेथे स्वतःहून जाऊ इच्छिणाऱ्या केंद्राला आयोगाने परवाना द्यावा. त्याचा आधार घेऊन १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या ९ क्रमांकाच्या केंद्राने आपला परवाना न्यू जर्सीतील सिकॉकस या छोट्या गावी नेला. ‘स्थानिक’ या शब्दाला कायद्याने दिलेला अर्थ आणि रोजच्या जगण्यातला अर्थ यांत किती अंतर पडू शकते, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

४. आकडा आणि लहर यांची फारकत

अॅनालॉग युगात निदान एक गोष्ट निश्चित होती. पडद्यावरचा आकडा आणि हवेतील लहर एकच असत. ‘चौथा क्रमांक’ म्हणजे चौथ्या कंप्रतापट्ट्यावरचे केंद्र. अंकीय संक्रमणाने हे नाते तोडले.

डिसेंबर १९९६ मध्ये आयोगाने अंकीय प्रक्षेपणाचे मानक स्वीकारले आणि १९९७ मध्ये प्रत्येक पूर्णशक्ती केंद्राला संक्रमणकाळापुरती दुसरी वाहिनी दिली. जुने आणि नवे प्रक्षेपण काही वर्षे शेजारी चालावे, मग जुने बंद होऊन तो पट्टा परत मिळावा, अशी ही योजना होती. अंतिम तारीख १७ फेब्रुवारी २००९ ठरली. जुन्या संचांना लागणाऱ्या परिवर्तक पेटीसाठी सरकारने प्रत्येक घरामागे चाळीस डॉलरांची दोन कूपने देऊ केली होती. परंतु जानेवारी २००९ मध्ये त्यासाठीचा निधी संपून प्रतीक्षायादी लागली. नव्या कायद्याने तारीख १२ जून २००९ पर्यंत पुढे ढकलण्यात आली. नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन परिसरात सप्टेंबर २००८ मध्येच चाचणी म्हणून अॅनालॉग बंद झाले होते. हवाईने १५ जानेवारी २००९ रोजी बदल केला. त्यामागे एक कारण असे की, हालेआकाला पर्वतावरील मनोरे तेथील एका दुर्मीळ समुद्रपक्ष्याच्या विणीच्या हंगामापूर्वी हलवायचे होते.

तांत्रिक लाभ उघड होते. एका पट्ट्यात अधिक स्पष्ट चित्र किंवा अनेक उपवाहिन्या मावू लागल्या. ‘४.१’, ‘४.२’ असे अपूर्णांकी क्रमांक आले. ज्यांना कोष्टकात पूर्ण जागा मिळाली नव्हती अशा भाषांनाही या उपवाहिन्यांवर थोडी जागा मिळू शकली. पण हानीही होती. अॅनालॉग चित्र अंतराबरोबर हळूहळू धूसर होई. मुंग्या आलेल्या पडद्यावरही बातम्या ऐकता येत. अंकीय चित्र एका मर्यादेपर्यंत स्वच्छ दिसते आणि त्यापुढे एकदम नाहीसे होते. केंद्राच्या परिघावरची जी वस्ती अर्धवट चित्रावर भागवत होती तिला आता सगळे तरी मिळू लागले किंवा काहीच नाही. ६ क्रमांकाच्या अॅनालॉग केंद्राचा ध्वनी एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला लागत असे. फिलाडेल्फियात मोटार चालवताना लोक या क्रमांकावरच्या बातम्या रेडिओवर ऐकत. हा अनपेक्षित श्रोतृवर्ग १२ जून २००९ रोजी तुटला.

मात्र या लेखाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय बदल आकड्यांचा आहे. बहुतेक केंद्रांची लहर बदलली, तरी प्रेक्षकांच्या ओळखीचा क्रमांक त्यांनी ठेवला. अंकीय प्रवाहात पाठवलेली सूचना वाचून संच जुनाच आकडा दाखवतो. वॉशिंग्टनचे ४ क्रमांकाचे केंद्र आधी ४८ व्या आणि पुढे ३४ व्या पट्ट्यावर गेले; प्रेक्षकांसाठी ते चौथेच राहिले. आकडा आता लहरीचा निर्देश करत नव्हता, तो नाम झाला होता. चिन्ह आणि वस्तू यांच्यातील नैसर्गिक वाटणारे नाते प्रत्यक्षात संकेताचे असते, हा भाषाविज्ञानातील परिचित सिद्धांत येथे एका प्रशासकीय आदेशाने अमलात आला.

त्यातून निर्माण झालेला एक वाद बोधप्रद आहे. २००९ च्या बदलानंतर न्यू जर्सी आणि डेलावेअर या दोन राज्यांत पुन्हा एकही व्यावसायिक व्हीएचएफ केंद्र उरले नाही. तेव्हा एका कंपनीने १९८२ च्या त्याच कलमावर बोट ठेवून वायोमिंगमधील जॅक्सनची २ क्रमांकाची वाहिनी डेलावेअरमधील विल्मिंग्टनला आणि नेव्हाडातील ईली या वाळवंटी गावाची ३ क्रमांकाची वाहिनी न्यू जर्सीतील मिडलटाउनला नेण्याची मागणी केली. आयोगाने नकार दिला; डिसेंबर २०१२ मध्ये अपील न्यायालयाने कलमाच्या शब्दांवर बोट ठेवून कंपनीच्या बाजूने निकाल दिला. एका दूरच्या गावाचा आकडा तीन हजारांहून अधिक किलोमीटर प्रवास करून देशातील सर्वांत श्रीमंत बाजारपेठेच्या दारात आला. गावाच्या हक्कासाठी केलेल्या कायद्याने एका गावाचा हक्क दुसरीकडे नेला. पुढे वाद उरला तो पडद्यावरच्या आकड्याचा. फिलाडेल्फिया आणि हार्टफर्ड या दोन्ही बाजूंच्या शहरांत ३ हा आकडा आधीच रुजलेला होता. आयोगाने नव्या केंद्राला ३३ हा आकडा दिला. लहर तिसरी, नाव तेहतिसावे.

पुढचा टप्पा लिलावाचा. २०१६-१७ मध्ये आयोगाने केंद्रांकडून लहरी परत घेऊन त्या मोबाइल सेवांना विकल्या. ८४ मेगाहर्ट्झ पट्टा मोकळा झाला, लिलावातून सुमारे १९.८ अब्ज डॉलर आले आणि १७५ केंद्रांना मोबदला मिळाला. त्यांपैकी काही बंद पडली, काहींनी दुसऱ्या केंद्राच्या लहरीत भागीदारी केली. उरलेल्यांपैकी ९८७ केंद्रांना नव्या जागा देण्यात आल्या आणि ही हलवाहलव जुलै २०२० मध्ये संपली. १९५२ साली ८३ पर्यंत गेलेले क्रमांक आता ३६ वर थांबतात. २०१७ मध्येच केंद्राचा मुख्य स्टुडिओ परवान्याच्या गावाजवळ असावा हा नियम आयोगाने रद्द केला. परवान्यावर गावाचे नाव अजूनही लिहावे लागते. परंतु त्या गावात केंद्राचा स्टुडिओ असलाच पाहिजे असे राहिलेले नाही.

५. भारत : ‘केंद्र’ ही संकल्पना

भारतातील चित्र मुळातच वेगळे आहे. येथे भूप्रक्षेपणाचा अधिकार खाजगी संस्थांना कधीच मिळाला नाही. तो आधी आकाशवाणीकडे, १ एप्रिल १९७६ पासून स्वतंत्र झालेल्या दूरदर्शनकडे आणि १९९७ पासून प्रसार भारतीकडे राहिला. त्यामुळे गावागावांनी मागावे आणि आयोगाने वाटावे असे कोष्टक येथे तयार होण्याचे कारणच नव्हते. हा फरक शब्दांतही दिसतो. अमेरिकन प्रेक्षक केंद्राला आकड्याने ओळखतो. मराठी प्रेक्षकाने ‘मुंबई केंद्र’ म्हटले. ‘वाहिनी’ हा शब्द रूढ झाला तो उपग्रहावरून अनेक पर्याय येऊ लागल्यावर. केंद्र एकच असताना त्याला क्रमांकाची गरज नव्हती.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. १९७५ पर्यंत श्रीनगर, अमृतसर, कलकत्ता, मद्रास, लखनौ येथे केंद्रे झाली. ही निवड बहुतांशी राज्यांच्या राजधान्यांची किंवा सीमावर्ती शहरांची होती. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झालेला उपग्रह-शिक्षण प्रयोग, म्हणजे ‘साइट’, भाषेच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड कार्यक्रम पोहोचले. उपग्रहावर एका चित्राबरोबर दोन ध्वनिमार्ग होते. म्हणून आंध्र आणि कर्नाटकातील खेड्यांना एकच चित्र, पण प्रत्येकी आपापल्या भाषेत मिळू शकले. चित्र समाईक आणि वाणी वेगळी, या रचनेचा विचार अनुवादाच्या अभ्यासकांनी अजून पुरेसा केलेला नाही.

गाव हे एकक मानणारा प्रयोगही आपल्याकडे झाला होता. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील पीज येथे १९७५ पासून एक लहान प्रक्षेपक चालत होता. आसपासच्या शेतकऱ्यांसाठी, त्यांच्या बोलीच्या जवळ जाणाऱ्या गुजरातीत, त्यांच्याच प्रश्नांवरचे कार्यक्रम तेथे होत आणि १९८४ मध्ये या प्रकल्पाला ग्रामीण संज्ञापनासाठी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी तो प्रक्षेपक मद्रासला दुसऱ्या वाहिनीसाठी नेण्यात आला. ईलीची वाहिनी न्यू जर्सीला गेली आणि पीजचा प्रक्षेपक मद्रासला. फरक इतकाच की अमेरिकेत त्यासाठी न्यायालयात जावे लागले, येथे प्रशासकीय निर्णय पुरेसा होता.

याच सुमारास देशभर अल्पशक्ती प्रक्षेपक उभे राहत होते. १९८४ मध्ये काही महिने सरासरी दिवसाला एक या वेगाने ते कार्यान्वित झाले. जाळे वाढले, पण गावोगावचे हे मनोरे उपग्रहावरून येणारे दिल्लीचे कार्यक्रम पुढे पाठवण्यासाठी होते. अमेरिकन परिभाषेत सांगायचे तर गावाला ‘सेवा’ मिळाली, ‘केंद्र’ मिळाले नाही. महाराष्ट्रातील ज्या गावांपर्यंत मुंबईच्या मनोऱ्याची लहर येत नव्हती तेथे घरात दूरचित्रवाणी आली ती प्रामुख्याने हिंदीतून. पी. सी. जोशी समितीने याच काळात विकेंद्रीकरणाची शिफारस केली होती. प्रत्यक्षात विकेंद्रीकरण झाले ते राज्यभाषांच्या उपग्रह वाहिन्यांच्या रूपाने. मराठीची अशी वाहिनी १९९४ मध्ये आली आणि २००० मध्ये तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले.

उपग्रहाने भाषेला भूमीपासून सोडवले, ही मराठीच्या दृष्टीने महत्त्वाची घटना होती. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांना मुंबईच्या मनोऱ्याची लहर मिळणे शक्यच नव्हते. आता तेथे मराठी पाहता येऊ लागली. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी या खाजगी वाहिन्या आल्या, त्यांतील दुसरीची उभारणी हैदराबादेतून झाली. पण कायद्याची भाषा भूमीचीच राहिली. १९९५ च्या केबल कायद्यात २००० साली झालेल्या दुरुस्तीने चालकाला दूरदर्शनच्या दोन वाहिन्या आणि राज्याच्या प्रादेशिक भाषेची एक वाहिनी प्रमुख पट्ट्यात, म्हणजे जुन्या संचांवरही दिसतील अशा जागी दाखवणे सक्तीचे केले. कोष्टकात भाषेसाठी रकाना ठेवणारा हा भारतीय नियम अमेरिकेला माहीत नव्हता, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. तरी या रकान्यात बसते ती राज्याची भाषा. इंदुरातील मराठी, बेळगावातील मराठी, मुंबईतील सिंधी यांना त्या सक्तीचा आधार नव्हता. चालकाची मर्जी आणि ग्राहकांची संख्या यांवर त्यांचे दिसणे अवलंबून होते.

६. गाजावाजा न झालेले संक्रमण

भारतात अंकीय संक्रमण दोन वेगळ्या वाटांनी झाले. पहिली वाट केबलची. २०११ च्या दुरुस्तीनंतर २०१२ च्या अखेरीस महानगरांत आणि पुढे टप्प्याटप्प्याने देशभर केबल अंकीय करण्यात आली. घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. नगरांमधील छोटे केबलचालक मोठ्या वितरकांच्या मुख्य केंद्रांशी अधिक बांधले गेले. गणेशोत्सवाचे, नगरपालिकेच्या सभेचे चित्रण दाखवणारी चालकाची स्वतःची वाहिनी हीच भारतीय नगरांची खरी स्थानिक दूरचित्रवाणी होती. कोणत्याही कोष्टकात तिचा समावेश नसल्याने ती टिकवण्याची जबाबदारीही कोणावर नव्हती. दुसरी वाट थेट घरावरच्या तबकडीची. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची विनाशुल्क सेवा आज ‘फ्री डिश’ नावाने ओळखली जाते. उपग्रहाचा झोत साऱ्या देशावर एकसारखा पडतो. त्याला सातारा आणि सिलचर यांतला फरक कळत नाही.

त्यामुळे भूप्रक्षेपणाची अखेर झाली तेव्हा अमेरिकेसारखी कूपने निघाली नाहीत आणि तारखेवरून संसदेत वादळही उठले नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसार भारतीने जाहीर केले की जवळपास ७० टक्के अॅनालॉग प्रक्षेपक आधीच बंद झाले आहेत आणि मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० वगळता उरलेले ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. बहुतेक प्रेक्षक केव्हाच केबलकडे किंवा तबकडीकडे गेले होते.

चिंता व्यक्त झाली ती काही थोड्या केंद्रांबद्दल. आसाममधील सिलचर आणि कर्नाटकातील कलबुर्गी ही केंद्रे बंद होणार, अशा बातम्या आल्या. त्यांचे खंडन करताना प्रसार भारतीने सांगितले की ही केंद्रे कार्यक्रम करत राहतील आणि ते त्या त्या राज्याच्या उपग्रह वाहिनीवरून व समाजमाध्यमांवरून दाखवले जातील. प्रशासनाच्या दृष्टीने हे उत्तर समाधानकारक आहे. पण सिलचर हे बराक खोऱ्यातील बंगाली भाषकांचे शहर आहे. १९ मे १९६१ रोजी तेथे बंगालीच्या मान्यतेसाठी अकरा माणसांनी प्राण दिले. त्या शहराला स्वतःची लहर होती तोवर तिच्यावरून निघालेल्या शब्दाला आधी ते खोरे लाभत असे. आता त्याला असमियाच्या राज्यवाहिनीवर वेळ मागावा लागतो. कार्यक्रम उरला, पत्ता गेला. कलबुर्गीची कन्नड राज्यवाहिनीची भाषा आहे, म्हणून तेथील हानी भाषेची नसून गावाची आहे. सिलचरमध्ये ती दोहोंची आहे.

७. समारोप

दोन्ही इतिहास शेजारी ठेवले असता असे दिसते की, लहरींची टंचाई असताना वाटप करणाऱ्याला निकष सांगावा लागत होता. अमेरिकेने सांगितलेला निकष गावाचा होता आणि तो पुष्कळदा मोडला. तरी तो लिहिलेला असल्यामुळे नेवार्कला तक्रार करता आली. भारताने सांगितलेला निकष राज्यभाषेचा होता. त्याच्या आधारे मराठीला, कन्नडला, ओडियाला जागा मिळाली, पण राज्याविना असलेल्या भाषेला आणि राजधानी नसलेल्या गावाला तक्रारीसाठी कलमच नव्हते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगितले. त्या मालमत्तेचे वाटेकरी कोण, हे त्यानंतर कायद्याने ठरवायला हवे होते. तेवढ्यात तंत्रज्ञानाने टंचाईच कमी केली आणि प्रश्न मागे पडला.

टंचाई गेली की वाटणीचा प्रश्न सुटतो, असा समज त्यामागे आहे. वस्तुतः तो केवळ अदृश्य होतो. शेकडो वाहिन्यांच्या यादीत कोणती भाषा कितव्या पानावर येते, कोणाला लिलावातील बोली परवडते, कोणते गाव राज्यवाहिनीच्या कोणत्या प्रहरात बसते, हे आजही कोणीतरी ठरवत असते. फक्त त्याचे कोष्टक आता छापले जात नाही. भाषा आणि भूमी यांच्या संबंधांचा अभ्यास करणाऱ्यांनी म्हणूनच १९५२ चे ते जुने कोष्टक आणि पीजचा तो हललेला प्रक्षेपक हे दोन्ही आपल्या वाङ्मयीन साधनांत जमा करावेत. एखाद्या समूहाच्या वाणीला आकाशात जागा देताना आपण त्याला कोणत्या नावाने हाक मारली, याची नोंद त्यांत आहे.